सातव्या कपाटातून अकराव्यात

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ
विचारू नये म्हणतात.
फुलाचं विचारावंच लागतं,
नाहीतर ठेवणार कुठं?

तिबिलिसीत, संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर
लामारा सकाळपासून कपाटं उपसते आहे.
डांबरगोळ्यांचा वास, जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्या,
घड्यांत चपटे झालेले डोंगरउतार.
पत्र आलंय वरून.
पेशीच्या आतलं वाचून झालंय म्हणे, आणि डिजिटॅलिस,
जिच्या फुलात बोट घालून पोरी
शिंप्याचं अंगुस्तान म्हणून मिरवतात,
ती निघाली इसबगोलाच्या भावकीतली.

तेओना, नवीन लागलेली, पडद्यावर रेघांचं झाड दाखवते.
ही फांदी इथून फुटली, बघा ना.
लामारा चष्मा कपाळावर सरकवते.
फांदी दिसते. फूल कुठाय?

तिला शिकवलं होतं ते असं:
आधी मोज.
पाकळ्या सुट्या की जोडलेल्या?
तोंड गोल, की ओठ दोन?
पुंकेसर किती, आणि सगळे एका उंचीचे
का दोन थोरले दोन धाकटे?
अंडाशय पाकळ्यांच्या वर बसलाय की खाली दडलाय?
हो म्हणालीस तर बाराव्या ओळीवर जा,
नाही म्हणालीस तर एकोणिसाव्या.
एक उत्तर चुकलं
की थेट भोपळ्याच्या घरात मुक्काम.

आणि हा इसबगोलाचा भाऊबंद,
पायवाटेवरचा, टाचेखालचा.
इथं त्याला म्हणतात म्रावालज़ार्ग्वा, पुष्कळ शिरांचा.
गुडघा फुटला की पान चुरगळून लावायचं.
फूल म्हणाल तर उंदराच्या शेपटीवरची धूळ,
ना रंग, ना मध, सगळा संसार वाऱ्याशी.
पण भिंग धरा.
चार पुंकेसर. अंडाशय वर.
लामाराला हे कधीचंच दिसलं होतं.
कुणी विचारलं नव्हतं.

गठ्ठे खाली येतात.
ब्याण्णवच्या हिवाळ्यात वीज नव्हती तेव्हा
खुर्च्या जाळल्या, जमिनीच्या फळ्या जाळल्या,
हे कागद राहिले.
ती तेओनाला यातलं काही सांगत नाही.
खालून आधार दे, एवढंच म्हणते.

मग तो कागद.
स्वानेती, ओढ्याकाठी, जुलै १९७१.
गोळा करणार: लामारा, दुसरं वर्ष.
पुंकेसर: पाच.
पाचावर लाल शाईची काट, आणि नानुलीबाईंच्या हातचं
चार!
उद्गारचिन्हासकट.

पाच होते. तिनं स्वतः मोजले होते.
पन्नास वर्षं ती हे भांडण भांडत आलीये,
बाईंशी नाही, बाई जाऊन जमाना झाला,
भांडी घासताना, बसची वाट बघताना.

चमच्यात पाणी, एक फूल, खाली स्पिरिटच्या दिव्याची निळी वात.
गरम पाण्यात वाळकं फूल
थोडा वेळ जुलै होतं.
सुईनं उघडलं.
दोन थोरले.
दोन धाकटे.
आणि पाचवा, जरा बाजूला, वाकडा,
डोक्यावर परागकोशच नसलेला.
तिनं भिंग जवळ नेलं.

पापणीचा केस.
काळा. तेव्हा तिच्या काळ्या होत्या.

ती अशी हसत सुटते
की तेओना खुर्ची सोडून धावत येते.
काय झालं?
काही नाही गं. बाई बरोबर होत्या.

कागदाच्या कोपऱ्यात एक चिमुकलं पाकीट असतं,
गळालेल्या बिया, सुटलेली पाकळी ठेवायला.
चिमट्यानं केस उचलून ती त्यात टाकते.
पेन्सिल घेते, लिहावं तर काय, आणि कुठल्या कुळात,
पेन्सिल परत कानामागं.

सातव्यात आता थोडेच उरलेत,
जे होते तिथंच राहिले ते.
अकराव्या कपाटाचं दार अडतं दमट हवेत.
दोन्ही हातांवर कागद,
गुडघ्यानं ढकलावं लागतं.