झाकण

ओद्रुन रात्रपाळीला असते.
पडद्यावर एक हिरवी रेघ: दाब.
बर्गेनच्या पश्चिमेला बेट, बाहेर वारा,
आणि धक्क्याला लागलेलं जहाज
सिमेंटच्या भट्टीचा उच्छ्वास थिजवून घेऊन आलेलं.

चुनखडी म्हणजे मुळात शिंपलेच की,
ती आईला एकदा म्हणाली होती,
समुद्राचं समुद्राला परत.
आई क्लाउडबेरीच्या मुरांब्यावर मेण ओतत होती.
'एवढं सोपं असतं होय?'

अडीच हजार मीटर खाली वाळूचा खडक,
खाऱ्या पाण्यानं भिजलेला;
वर चिकणमातीचा थर, लाखो वर्षं जागचा न हललेला.
भूगर्भवाले त्याला झाकण म्हणतात.

आई तळघरात प्रत्येक झाकणावर
टिचकी मारते, कान लावते.
बद्द वाजली
तर ती बरणी आधी संपवायची.

समुद्रतळावरच्या कानांना काल रात्री
एक बारीक खट्ट ऐकू आलं.
नियमात बसणारं, सोडून द्यावं इतकंच.
ओद्रुननं तरी वहीत वेळ लिहिली, तीन सतरा,
आणि कॉफी गार होऊ दिली.

रेघ सरळ.
सकाळी आईला फोन:
यंदा किती बरण्या बद्द वाजल्या गं?