दोन मिनिटं, अकरा सेकंद

गाणं दोन मिनिटं अकरा सेकंदांवर तुटतं.
तुटण्याआधी डेरेकचा आवाज एकदम बारीक होतो,
सीगलसारखा वर चढतो, आणि नाही.
यावर लोकांनी पानंच्या पानं लिहिली :
आत्मा कुडी सोडतो तो क्षण, वगैरे.

मी खालच्या खोलीत राहायचो.
ग्रिम्सबी, गोदीमागची गल्ली, चौसष्टचा फेब्रुवारी.
मासळी गोठवायच्या कारखान्यात शिकाऊ इंजिनिअर,
दिवसा उणे तीस,
रात्री मिसेस थर्ल्बीच्या घरात त्याहून फार बरं नाही.
धुतलेल्या बनियनलाही कॉडचा वास.

वर चौघं. द स्लिपवेज.
ड्रमच्या जागी बिस्किटांचा डबा आणि उशी,
कारण ड्रम अजून दुकानात, हप्त्यांची वाट बघत.
टेपरेकॉर्डर मामाचा, तो चर्चमधली प्रवचनं भरायचा त्यावर.
एकच गाणं, एकवीस रात्री.
मला ते पाढ्यासारखं पाठ झालं,
अर्थ कळायच्या आधीच.

मग अर्थही कळला.
थोरला भाऊ लेन ट्रॉलरवर, आइसलंडकडे.
आई त्याचं ताट रोज मांडते.
दुसऱ्या कडव्यात रेडिओ गप्प.
तिसऱ्यात तो येतो. मध्यरात्री, मागच्या दाराने,
बूट हातात घेऊन, कुणी उठू नये म्हणून.
हे तिसरं कडवं जगात सहा जणांनी ऐकलं असेल.
त्यातला एक मी, तेही छतातून.

जिन्याखाली विजेचं मीटर. शिलिंग गिळायचं, उजेड द्यायचं.
त्या रात्री बरोबर दुसऱ्या कडव्याच्या शेवटी
त्याने हात वर केले.
टेप मंदावत मंदावत थांबली. ते चढणं एवढंच.
अंधार. वर खुर्ची सरकली, कुणीतरी हसलं.
डेरेक जिन्यातून ओरडला,
"मिस्टर, एक शिलिंग आहे का?"
पोंक्षे म्हणता येईना, म्हणून नुसतं मिस्टर.

होतं. मुठीत होतं, घामेजलेलं.
मी म्हणालो, नाही.

का, ते साठ वर्षं धड सांगता आलेलं नाही.
गुरुवार होता, पगार शनिवारी.
पाचला उठायचं होतं, हेही.
आणि असं, की मी निघालो तेव्हा आमच्याकडे
परत येण्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता,
आणि इथे रोज रात्री माझ्या डोक्यावर
कुणाचा तरी मुलगा घरी यायचा.
एक रात्र नाही आला तर काय बिघडलं,
असं वाटलं असेल.

टेप तशीच लीड्सच्या एका माणसाकडे गेली.
त्याला नेमका तो शेवटच आवडला.
रेकॉर्ड निघाली आणि लोकांनी लेनला बुडवून टाकलं.
आईला सांत्वनाची पत्रं आली, एक तर न्यूझीलंडहून.
लेन ती क्लीथॉर्प्सच्या आपल्या दुकानात
मासे तळता तळता मोठ्याने वाचायचा,
स्पेलिंगच्या चुका काढायचा.
मला फुकट चिप्स द्यायचा. मी दोनदाच गेलो.

ते शिलिंग कशावर खर्चलं, आठवत नाही.

परवा नातीच्या फोनवर गाणं लागलं.
आवाज चढला, तुटलं.
तिचं बोट पुढच्या गाण्यावर.
थांब गं, म्हटलं,
तो मागच्या दाराशी आलाय,
बूट काढतोय.