चेदु

फ्रीजमध्ये वांग्यांच्या खाली हॉप्सची दोन पाकिटं,
हवा काढून आवळलेली.
एकावर साझ, एकावर सिट्रा.
पुण्याहून एसटीत बसून आली, बर्फासकट.
टेंभुर्णीच्या आसपास बर्फ उतरला,
पाकिटं तेवढी विडी घरकुलापर्यंत पोचली.

पातेल्यात वीस लिटर बीअर उकळतेय.
डाईंगला चौदा वर्षं काढली मी,
अंश सांगा, मिनिटं सांगा, चुकणार नाही.
टॉवेलच्या दोन लालांतला फरक
ट्यूबलाइटखालीही दाखवीन.
नाकाचं काम मात्र जमत नाही.
शेवटच्या दहा मिनिटांत एकच फूल पडणार,
ते कुठलं,
यावर मी मंगळवारपासून अडलोय.

"काय शिजवायलास बे?
गल्लीभर वास सुटलाय म्हणतेत पोरं."
लच्चव्वा. मांडीवरचं सूप ठेवून आलेली,
पदराला अजून तंबाखूची भुकटी.

मी सांगितलं, ह्याच्यात आंबा आहे, लिची आहे.
ह्याच्यात गवत, थोडी मिरी, बाकी काही नाही.
"आंबा पायजे तर आंबा खा की."

मग फुलं तळहातावर घेतली,
कागदी, हिरवी, वजनच नसलेली,
आणि अंगठ्यानं चुरली,
जशी चाळीस वर्षं तेंदूची पानं पारखत आली:
हे भिजून वाळलेलं,
हे कात्रीखाली तडकणार,
हे चेकर छाटात फेकणार.
सिट्राला दोनदा चोळलं. "हे दमलंय."
साझची पिवळी पूड बोटांच्या रेघांत बसली.
"हे चिकटतंय. हेच टाक."

वास कसा वाटला, मी विचारलं.
"वास?
मला कुठला वास येतोय आता.
थोरलीच्या लग्नापासून नाही."
बोट जिभेला लावलं, तोंड वाकडं केलं:
चेदु!
कडू म्हणायला तिला मराठी पुरत नाही.

पन्नासाव्या मिनिटाला साझ पडलं.
आंब्याचं पाकीट परत वांग्यांखाली गेलं.
पिणार नाही म्हणाली,
नवऱ्यानं दोघांचं पिऊन ठेवलंय.
साबणानं दोनदा हात धुतले, पिवळं गेलं नाही.
तशीच जाऊन बसली सुपापाशी.

आजच्या हजारातल्या पहिल्या पंचवीस विड्या
कुणीतरी ओढेल, हैदराबाद रोडला,
उभ्या ट्रकच्या सावलीत,
आणि थांबेल जरा,
हे कसलं गवत म्हणून.