पाठीवरचा अक्रोड

ओनीच्या वर, जिथे रस्ता संपतो आणि नुसती नदी उरते,
तिथे नाझिब्रोला वीस वर्षं जागी आहे.
निदान तिचं म्हणणं तसं.
ओतार आडवा झाला की करवत सुरू,
ओल्या ओंडक्यात अडकणारी, सुटणारी,
फडताळातल्या पेल्यांना रात्रभर कापरं.

गावात तोटा आहे तो डिझेलचा, तरण्या पोरांचा.
उपायांचा नाही.
शेजारची मझेव्हिनार म्हणाली, नाकात कोमट मिठाचं पाणी.
ओतार असा शिंकला की कुत्रं अंगणापार गेलं.
मग रानओव्याचा वाफारा :
डोक्यावर घोंगडं घेऊन बसला
आणि घोंगड्याखालीच घोरू लागला.
चेस्टनटचा कडसर मध, निजताना चमचाभर.
मध संपला.
वाइन सोड, असंही एक जण म्हणाला,
पण सांगणाऱ्याच्याच तोंडाला वास होता,
तेव्हा ते कुणी मनावर घेतलं नाही.
म्हाताऱ्या अम्ब्रोसीचं मत, गात जा, घसा कसला जातो.
ओतार गायला. तिघांत त्याचा खर्ज,
वरचे दोघे हिंडून परत येईतो
एकच स्वर धरून बसायचं काम.
रात्री तोच स्वर. वरचे दोघे तेवढे नसत.

शेवटी तिने जाड सालीचा अक्रोड निवडला,
त्याच्या शर्टाला मागून शिवला, दोन खांद्यांच्या मधे.
उताणा झालास तर टोचेल.
टोचला. तो कुशीवर वळला.
घर इतकं गप्प झालं की खालून रिओनी ऐकू आली,
आणि नाझिब्रोला झोपली,
उधारी वसूल करायला निघाल्यासारखी.

चौथ्या पहाटे तिच्याच पाठीत काही रुतलं.
हात मागे नेला. तिच्या झग्याला
अक्रोड.
काळा दोरा, पोतं शिवावं तसे टाके.

"तू पण," ओतार चुलीकडे बघत म्हणाला.
"कधीपासून?"
"धाकटी त्बिलिसीला गेली तेव्हापासून."
"आणि बोलला नाहीस?"
"आवाजाचं काय, तुझा लहानच आहे.
मधे थांबतेस ना, ते.
मी मोजतो. परवा अकरापर्यंत गेलो."

तिने चहा खाली ठेवला.
मोजायची तीही. तिचा आकडा चौदा.
गावभर तिने आवाजाचंच गाऱ्हाणं केलं होतं,
चौदा कुणाला सांगितले नव्हते.

मंगळवारी व्हॅन जाते आम्ब्रोलाउरीला, डॉक्टर असतो तिथे.
पिशवीत पाव, चीज, उसवलेले दोन अक्रोड,
आणि विसरू नये म्हणून ओतारने
बिलाच्या पाठीवर लिहून घेतलेलं :
ती अकरा. मी चौदा.

दुसऱ्या वळणाआधीच दोघांची मान कलली.
ड्रायव्हरने आरशात पाहिलं
आणि रेडिओ मोठा केला.