तुरटी

ऑपरेशनच्या आदल्या रात्री
मी पिशवीतून वस्तरा काढला.
अडतीस वर्षं मुखेडच्या स्टॅण्डासमोर
लोकांच्या गळ्यावरून फिरलेला हात,
आणि माझ्याच जांघेचे केस
दुसऱ्या कुणी काढायचे?

वाटीत पाणी घेतलं, फेस केला.
तेवढ्यात फरजाना सिस्टर आल्या.
लेकराच्या हातून काडेपेटी घ्यावी
तसा वस्तरा काढून घेतला.

"मामा, वस्तरा नको."
"अहो, न्हावी हाय मी!"
"म्हणून तर सांगायलेय. तुम्हाला ठाऊक पाहिजे."

ठाऊक होतं.
रोज तुरटीचा खडा फिरवला की
गिऱ्हाईक स्स करतं, ते कशानं?
रक्त नाही, ओरखडा नाही,
आरशात गाल कसा लोण्यासारखा,
तरी झोंबतं.
म्हणजे कातडी कुठंतरी उघडी राहते,
आपल्याला दार दिसत नाही
आणि चोराला दिसतं.
ते झोंबणं मी इतकी वर्षं
तुरटीच्या खात्यावर मांडत आलो.

सकाळी तिनं मशीन फिरवली, नुसती कातरणारी.
ज्वारी काढल्यावर धसकटं राहावीत
तशी खुंटं राहिली.
मी म्हणालो, कच्चं काम.
ती म्हणाली, असूद्या कच्चं.
चीर द्यायच्या आधी शिरेतून औषध सोडलं,
राखणदार आधी, खळं नंतर.

माझ्याच पायातली शीर काढून
तुंबलेल्या नळीला वळसा घातला डॉक्टरांनी,
जांघेपासून पार गुडघ्याखाली,
पूल खचल्यावर काढतात तसला रस्ता.
काळा पडत चाललेला अंगठा
तिसऱ्या दिवशी ऊन लागला हाताला.
चौत्रा तो धरायला वाकली,
पिल्लू उचलावं तशी ओंजळ करून.
"मावशी, आधी हात."
ती साबणानं हात धुऊन आली,
मग धरला, आणि सोडीचना.

घरी आलो तर मे महिना.
नळ आठव्या दिवशी.
एक घागर तिनं बाजूला काढली, जखमेची.
पाव्हण्याला तहान लागली तरी त्यातलं नाही.
जांघेची घडी घामानं भिजायची,
धुतलेल्या कापडाची पट्टी ती बदलत राहायची,
बिड्यांचं बंडल कुठं गेलं
ते तिनं अजून सांगितलं नाही.

चुलतभाऊ माळेगावहून भंडारा घेऊन आला.
टाक्यांवर चिमूटभर टाकतो म्हणाला, देवाचा हाय.
चौत्रा आडवी झाली:
"कपाळाला लावा. तिथनं बी दिसतं देवाला."

गिऱ्हाइकाला मागची मान दाखवायचा आरसा
दुकानातून मागवून घेतला.
रोज सकाळी उताणा पडून
मी माझी जांघ बघायचो त्यात.
नवव्या दिवशी एक टाका ओला,
कडेनं दोन बोटं लाल, हाताला गरम.
सगळे म्हणाले, वाळंल.
मलाही तेच म्हणायचं होतं.
चौत्रानं फोन लावला, शेजारची जीप काढली,
दुपारच्या उन्हात नांदेड.
डॉक्टरांनी तो एकच टाका उसवला,
म्हणाले, आज आलात ते बरं झालं.
उद्याचं काही बोलले नाहीत.

आता दुकानात मी स्टुलावर, गजानन उभा.
परवा एक पोरगं दाढी करून उठलं.
म्हणालं, मामा, घरी येता का,
सोमवारी बापाच्या पायाचं ऑपरेशन हाय,
पाय चकाचक करून द्या.

"मी येत नाही. कुणालाच नेऊ नको.
दवाखान्यात करतील काय ते."

ते हसलं. न्हावीच म्हणतो वस्तरा नको!

मी तुरटी पाण्यात बुडवली,
त्याच्या नुकत्या केलेल्या गालावरून फिरवली.

"झोंबलं?"
"झोंबलं की."
"तिथनंच."