ही ओळ मी लिहिलेली नाही

काल्यू बस बदलून आला, लुन्याहून तार्तूला.
नोव्हेंबर. साडेतीनलाच बाहेर अंधारलेलं.
कोटाच्या आतल्या खिशातून त्यानं काढली
छापलेली तीन पानं, चार घड्या घातलेली.
"एका धावेत तुमचा कंपायलर हे एवढं बोलला," म्हणाला,
"कर खात्यानंही मला इतकं लांब पत्र
कधी लिहिलं नाही."

काचघरातल्या टोमॅटोंसाठी
त्यानं बारा ओळींचा प्रोग्राम लिहिला होता:
रात्री किती ऊब, पहाटे किती,
झडप कधी उघडायची.
नवव्या ओळीत एक स्वल्पविराम राहून गेला.
एवढंच.

पण त्या बारा ओळींत एक मॅक्रो होता,
एंड्रिकनं अकरा वर्षांपूर्वी रचलेला,
एका शब्दाच्या दोनशे ओळी करणारा.
कंपायलर त्या दोनशेंच्या गर्दीत शिरला,
एकशे त्र्याऐंशीव्या ओळीला ठेचकाळला
आणि तिथूनच ओरडत सुटला.
आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

"ही ओळ मी लिहिलेली नाही," काल्यू म्हणाला.
रागानं नव्हे.
हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत
दुसऱ्याचीच छत्री हाती दिली
की माणूस म्हणतो, तसं.

दुसऱ्या पानावर पेन्सिलीचं एक वर्तुळ.
आत एकच शब्द: कोइट.
त्यांच्या भाषेत पहाट.
तीन पानांत त्याला ओळखीचा भेटलेला
तेवढा एकच.

मग एंड्रिक हिवाळाभर हेच करत बसला.
शब्द मॅक्रोत शिरू लागला की
त्याच्या कानात सांगायचं: विसरू नकोस,
तू नवव्या ओळीतला, चौदाव्या घरातला.
शब्द मान हलवतो, आत जातो,
उलगडतो, दुमडतो, दुसऱ्या मॅक्रोच्या हवाली होतो,
तिथून तिसऱ्याच्या,
आणि दोन फंक्शनांच्या मधल्या कुठल्यातरी वळचणीला
पत्ता गळून पडतो.
ती वळचण सापडली फेब्रुवारीत,
एमायोगीवर बर्फ जाड असताना.
तिथे त्याच्याच हातची टीप होती: नंतर बघू.
खाली तारीख. अकरा वर्षांपूर्वीची.

मेरिकेशी भांडण झालं ते वेगळ्याच वाक्यावरून.
समज, वापरणाऱ्यानं सगळं नीट लिहिलंय
आणि मॅक्रोच मुळात बिघडलाय. मग?
एंड्रिकनं लिहिलं होतं:
"अंतर्गत विस्तारात विसंगती आढळली."
"कुणाला आढळली?" मेरिके म्हणाली. "कुणाची?"
"तशी पद्धत आहे लिहायची."
"कर्मणी प्रयोगाच्या आडोशाला
किती दिवस उभा राहणार आहेस?"
दोन दिवस दोघं एकमेकांच्या किटलीतला चहा प्यायले नाहीत.
तिसऱ्या दिवशी त्यानं लिहिलं:
"तुमची ओळ बरोबर आहे. चूक मॅक्रोत आहे."
खाली मॅक्रो लिहिणाऱ्याचं नाव.
पहिल्याच चाचणीत तिथे उमटलं
त्याचं स्वतःचं.
तो थोडा वेळ बघत राहिला
आणि पुसलं नाही.

चार हजार तीनशे अकरा चाचण्या.
सतरा अजूनही नापास.
त्या सतरांत कंपायलर अजून
भलत्याच दाराची कडी वाजवतो.
मेरिकेनं त्यांची यादी भिंतीवर लावली,
पाव ठेवायच्या फडताळाशेजारी.

मार्चमध्ये एंड्रिकनं काल्यूला
नवा निरोप छापून टपालानं धाडला.
अर्धं पानही भरलं नव्हतं.

    ओळ ९: 'कोइट' नंतर स्वल्पविराम हवा.

त्याखाली काल्यूची ओळ, जशीच्या तशी,
आणि तिच्याखाली एक टोकदार खूण, वर बोट करणारी.

उत्तर आठवड्यानं आलं,
बियाण्याच्या पाकिटाच्या मागच्या बाजूवर:
"स्वल्पविराम मला डिसेंबरातच सापडला होता.
ओळ मोठ्यानं वाचून पाहिली, तेव्हा श्वास अडला.
पण खूण बरोबर जागी आहे.
मी फूटपट्टी लावून पाहिली."