कारणाचा रकाना

उद्यमनगरात, गुंडू मिस्त्रींच्या पॅटर्न शॉपच्या वर
माझी खोली. खाली रंधा चालतो, वर कीबोर्ड.
भुसा दोघांचाही पडतो, माझा दिसत नाही.

आज रात्री बारापर्यंत यादी द्यायची आहे :
आमच्या भाषेच्या चौथ्या आवृत्तीत
काय आलं, काय दुरुस्त झालं, काय गेलं.

आलेल्याला वेळ लागत नाही.
त्याचं कौतुक करायला पुण्यात चौघं बसलेत.
दुरुस्त झालेलं एकेका ओळीत संपतं :
'रिकाम्या यादीचा शेवटचा घटक मागितला
तर प्रोग्रॅम आता कोसळत नाही,
नाही म्हणून सांगतो.'
एवढं शहाणपण यायला सहा वर्षं लागली
हे लिहायचं नसतं.

गेलेल्यापाशी मी थांबते.

'जोड' काढून टाकलं आहे. त्याऐवजी 'सांध' वापरा.
सरळ वाक्य.
पण कुठल्या तरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर
गाडीचा नंबर आणि उसाचं वजन
'जोड' वापरूनच कुणीतरी एकत्र आणलं असेल
आणि आठ वर्षांपूर्वी नोकरी सोडली असेल.
सोमवारी सकाळी तो काटा थांबेल.
ट्रॅक्टरांची रांग फाट्यापर्यंत,
आणि काट्यावरचा पोरगा
स्क्रीनवरची लाल ओळ परत परत वाचत बसेल.

खाली चहाला गेले.
मिस्त्रींची वही उघडी होती, तेलाच्या बोटांची.
पंपाचं झाकण. वरची कड अर्धा सूत वाढवली.
समोर, बारीक अक्षरात : थंड होताना बीड आकसतं.
'कारण लिवायचं,' मिस्त्री म्हणाले,
'न्हाईतर म्होरला येतोय, चुकलंय म्हणतोय,
आणि परत तासून ठेवतोय.'
मग, कपबशी सरकवत, 'जेवलीस काय?'
'जेवतो की आत्ता.'

जिना चढताना माझं मलाच ऐकू आलं.

जेवतो.
पुण्यात पहिल्या आठवड्यात हे गेलं होतं.
मीटिंगमध्ये 'मी करतो' म्हणाले
आणि टेबलापलीकडे एक भुवई वर झाली.
एवढंच. कुणी काही बोललं नाही.
आई, मावशी, कॉलेजातल्या झाडून सगळ्या,
गंगावेशीत धारोष्ण दुधाचा पेला रिकामा करून
'चल, जातो' म्हणणाऱ्या बायका,
त्यांच्यातली मी
तीन महिन्यांत येते, जाते, बसते झाले.
नोंद नाही. तारीख नाही.
त्याऐवजी काय वापरायचं
ते ज्याचं त्यानं ओळखायचं.
कारणाचा रकाना कोरा.

आणि गंमत म्हणजे जुनं अजून चालतं.
तावडे हॉटेलपाशी गाडी गावाकडं वळली
की आपोआप सुरू होतं,
एकही इशारा न देता.

यादीत परत आले. 'जोड'खाली लिहिलं :
का काढलं : एक यादी लहान पडली
तर दुसरीतलं उरलेलं ते गुपचूप सोडून देत होतं.
शेवटच्या गाडीचं वजन कदाचित कधीच लागलं नसेल.
पुढचं वाक्य तीनदा खोडलं, मग राहू दिलं :
'तुमचं काम इथं अडलं असेल
तर चूक तुमची नाही. बदललो आम्ही.'

साडेअकराला रेहाना अत्तारचा शेरा आला.
शेवटचं वाक्य नोंदीच्या शैलीत बसत नाही.
खरं आहे, बसत नाही.
खाली मिस्त्रींनी शटर ओढलं,
माझ्या टेबलावरचा पेला थरथरला.
मी लिहिलं, 'असू दे. कोण काय म्हणालं तर मी बघतो.'

ठिपके आले. गेले. परत आले.
रेहाना मूळची इचलकरंजीची.
चार वर्षांत तिचं एकही वाक्य
शुद्धलेखनाबाहेर गेलेलं मी पाहिलं नव्हतं.

'बरं, बघ,' तिनं लिहिलं.
'मी झोपतो आता.'